शेंड्यावरचं फळ

आधी पंजा, मग खराटा. हे मला आजींनी शिकवलं, तेही माझ्या हातातला खराटा काढून घेऊन.

आजी म्हणजे आमच्या घरमालकीणबाई. तिकडे जपानात घरमालकाला ओयासान म्हणतात, तोंडावर मीही तेच म्हणायचे. पण सत्तरी ओलांडलेल्या, माझ्या खांद्याला जेमतेम लागणाऱ्या त्या बाईंना मनातल्या मनात मी पहिल्या दिवसापासून आजीच म्हणत आले. इचिकावातल्या त्या घरात आम्ही राहायला गेलो त्याच्या दुसऱ्याच आठवड्यात त्या बघायला आल्या आणि मी अंगण झाडताना त्यांना सापडले. माझी गावची सवय. उठायचं, चूळ भरायची, खराटा घ्यायचा. तिथला खराटा आपल्या हिराच्या खराट्यासारखाच, फक्त बांबूच्या बारीक फांद्यांचा आणि उंच दांड्याचा. मी जोर लावून लोटत होते आणि पानांबरोबर मातीवरचं हिरवं शेवाळ सोलून निघत होतं. आपल्याकडे शेवाळ म्हणजे पाय घसरायची भीती. तिकडे ते जपतात, त्याच्यावरून चालतसुद्धा नाहीत. आजींनी माझ्या हातातला खराटा घेतला, कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीतून पंजा आणला आणि स्वतः दाखवलं. पंजा ओढायचा नाही, नुसता फिरवायचा, जसं झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून हात फिरवतो तसा. मोठी पानं पंजाने गोळा करायची. शेवाळ नसेल तिथे, फरसबंदीवर, मग खराटा.

त्या पत्र्याच्या खोलीत काय नव्हतं. बांबूच्या चिपा वाकवून केलेला तो पंजा, त्याच्या तिकडच्या नावाचा अर्थ अस्वलाचा हात, असं आमच्या ह्यांनी सांगितलं. फांद्या छाटायची कात्री. एक करवत, जी ढकलताना नाही, ओढताना कापते. विळा, आपल्यासारखाच पण लांब दांड्याचा. पांढऱ्या सुती हातमोज्यांची चळत. आणि सूप. खरंखुरं, विणलेलं सूप. मी ते उचलून रिकामंच पाखडून बघितलं होतं. तिकडे त्यात पानं भरतात, पण आकार तोच, धरायची पद्धतही तीच. कोपऱ्यात एक लांब बांबू होता, टोकाला चिरलेला. तो कशाला ते मला कुणी सांगायला लागलं नाही. आमच्याकडे आंब्याला झेला असतो, तसा हा. चिरेत फळाची काडी अडकवायची, पीळ द्यायचा, की काडीसकट फळ हातात.

अंगणात एकच मोठं झाड होतं आणि ते त्या फळाचं होतं. त्या फळाला तिकडे काकी म्हणतात. आपल्या टेंभुर्णीच्या फळाची थोरली बहीण म्हणावी, देठाला तशीच चार पाकळ्यांची टोपी.

हे घर आम्हाला कसं मिळालं ते सांगायला हवं. ते दिवस असे होते, की पुण्या-मुंबईकडची कॉम्प्युटरवाली मुलं जथ्याने तिकडे येत होती. आमचे हे त्यातलेच. कंपनीने दिलेल्या जागेत चार-चार मुलगे एकत्र राहायचे, तिथे बायकोला आणायची सोय नव्हती. परक्या माणसाला घर द्यायला मालक का-कू करायचे. ह्यांचे मित्र फुनाबोरीला, निशी-कासाईला फ्लॅटमध्ये राहायचे, पण तिथे तेव्हा जागा मिळेना. मग एका एजंटने हे घर दाखवलं. जुनं, लाकडी, अंगणासकट, आणि भाडं फ्लॅटपेक्षाही कमी. मी गावाहून येऊन पोहोचले आणि ते अंगण बघून मला वाटलं, देवाने माझ्यासाठीच राखून ठेवलंय.

मी सातवीनंतर शाळा सोडली. पुढची शाळा खाडीपलीकडे होती आणि घरात आई अंथरुणाला खिळलेली. आमचं लग्न ठरलं तेव्हा ह्यांनाही नोकरी नव्हती, म्हणून ठरलं. पुढे हे कुठच्या कुठे गेले आणि मी होते तिथेच. ह्यांनी मला ते कधी जाणवू दिलं नाही, म्हणूनच मला ते जास्त जाणवायचं. भाषा येत नाही, इंग्रजीही नाही. पण अंगण झाडता येतं. फुनाबोरीच्या एक पुण्याच्या वहिनी होत्या, फोनवर हसायच्या, "आम्ही जपानला येऊन जपानी शिकतोय, आणि तू झाडू मारतेस. गावात काय कमी झाडत होतीस?" मीही हसायचे. पण अंगण ही माझी त्या घरातली एकमेव लायकी होती, हे मला हसतानाही ठाऊक असायचं.

कारण करारात अट होती. अंगण नीट ठेवायचं. शेजारच्यांच्या दारात आपली पानं जाता कामा नयेत. करार सुरुवातीला थोड्या महिन्यांचाच होता. नोव्हेंबरच्या शेवटी आजी येणार, बघणार आणि मग ठरवणार, की घर आमच्याकडे ठेवायचं की विकून टाकायचं. विकलं तर हे परत त्या चार मुलांच्या खोलीत आणि मी परत गावी. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं आम्ही तशीच काढली होती. त्या दोन वर्षांत काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच, की मला परत जायचं नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटीच का, ते मला ऑक्टोबरात कळलं.

त्या दिवशी आजी मला फांद्या छाटायला शिकवत होत्या. झाडाखाली एक दगड आहे, बसायला बरा. मी त्यावर टेकायला गेले तर त्यांनी माझा दंड धरला. मग त्या स्वतःच तिथे बसल्या, झाडाला पाठ लावली, पंजा मांडीवर आडवा घेतला, डोळे मिटले आणि मान एका बाजूला टाकली. थोडा वेळ तशाच राहिल्या. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, मला समजलं का म्हणून. मला समजलं. संध्याकाळी ह्यांना विचारलं. हे बराच वेळ बुटांच्या नाड्या सोडत राहिले. मग म्हणाले, जागेत कुणी गेलं असेल तर एजंटला ते सांगावंच लागतं तिकडे, त्याने सांगितलं होतं. आजींचे यजमान गेल्या वर्षी पानं गोळा करता करता तिथेच गेले. म्हणून घर कुणी घेईना, म्हणून स्वस्त. आजी लेकीकडे राहायला गेल्या. पहिलं वर्षश्राद्ध नोव्हेंबरच्या शेवटी.

"मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू आली असतीस?"

आले असते. पण मग मी त्या अंगणाकडे वेगळ्या डोळ्यांनी बघितलं असतं. आता तसंच बघायला लागले.

पंजाचा दांडा धरला, की हात एका खोलगट जागी जायचा. वर्षानुवर्षं एकाच जागी धरून बांबू झिजला होता. ती खाच माझ्या हाताला बसायची नाही. ती वर होती, आणि डाव्या हाताची. आजोबा उंच असणार, डावरे असणार. मी माझी पकड खाली घेतली तरी हात आपोआप वर सरकायचा. पहाटे, हे झोपलेले असताना, मला खर्र… खर्र ऐकू यायचं. बांबू मातीवरून फिरतो तसं. उठून दार सरकवलं की काही नाही. कोरडी पानं पत्र्यावरून घसरत असतील. असतीलच. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "बरंय की. ते झाडतायत म्हटल्यावर तू अजून तासभर झोप." मी चिडले नाही. हे घाबरले की थट्टा करतात.

आणि ती पिशवी. पत्र्याच्या खोलीत हातमोज्यांच्या मागे कचऱ्याची अर्धी भरलेली पारदर्शक पिशवी होती, तोंड उघडं. आत गेल्या वर्षीची पानं, तपकिरी, चुरा होत आलेली. तिकडे जाळायचा कचरा ज्या दिवशी उचलतात त्या दिवशी नेऊन ठेवायची ती पिशवी कुणी नेली नव्हती. का नेली नव्हती हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी तिला हातही लावला नाही. पण खोलीत गेलं, की आधी तिच्याकडेच बघायचे.

आमच्या गावात माणसाची इच्छा राहिली की पिंडाला कावळा शिवत नाही. मग घरचे मोठ्याने म्हणतात, अमुक बघू, तमुक सांभाळू, आणि तेव्हा कुठे कावळा उतरतो. मी लहानपणी आईच्या वेळी हे बघितलंय. कावळा फांदीवर बसून बघत राहिला होता, माझे वडील बोलेपर्यंत. ते काय बोलले ते मला आठवत नाही. कावळा मात्र आठवतो.

म्हणून मला आजोबांची इच्छा उघड वाटली. माणूस पानं गोळा करता करता गेला, पिशवी अर्धी राहिली. अंगण पूर्ण साफ व्हायचं राहिलं, एवढंच. ते मी करीन. इतकं साफ करीन, की आजोबाही बघून बाजूला होतील आणि आजीही घर ठेवतील. भीती आणि आशा माझ्यात एकाच वाटेने चालत होत्या. मला त्या वेगळ्या करता आल्या नाहीत.

महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. सकाळी पंजा, मग खराटा, मग सूप. सूप जमिनीला टेकवून खराट्याने आत ढकललं की बारीकसं पानही राहत नाही. कात्रीने कुंपण सरळ केलं. शेजारच्यांच्या दारातला थोडा भाग झाडायचा, पण त्यांच्या दाराच्या मध्यापर्यंत जायचं नाही. आजींनी हे हाताने रेघ दाखवून सांगितलं होतं. जास्त झाडलं तर त्यांना ओशाळवाणं वाटतं. पलीकडच्या बाई मला बघून वाकायच्या, मीही वाकायचे. आमच्या गावी ह्या पानांना पातेरा म्हणतात. तो गोळा करतात, गोठ्यात पसरतात, चुरून भाताच्या रोपांची जागा, तरवा, भाजतात. पातेऱ्यासाठी बायका भांडतात. तिथे मी तो पिशव्यांत भरून कचऱ्यात देत होते. दर वेळी काहीतरी चुकतंय असं वाटायचं, पण अट ती अट.

पानं संपत आली तशी फळं राहिली. उघड्या फांद्यांवर केशरी फळं, बघायला सुंदर. पण पिकून खाली पडायची, फुटायची, शेवाळावर चिकट डाग, त्यावर माश्या. अंगण स्वच्छ म्हणजे फळंही काढायला हवीत. तो चिरलेला बांबू काढला.

पहिलं फळ काढलं ते मी खाल्लं नाही, घरातही नेलं नाही. आमच्याकडे कलमांवरचा पहिला आंबा, माडावरचा पहिला नारळ जागेच्या राखणदाराला देतात. प्रत्येक जागेला कुणीतरी असतोच. इथे कोण आहे, हे तर मला माहीतच होतं. म्हणून ते फळ मी आजोबांच्या दगडावर ठेवलं, चिमूटभर कुंकू वाहिलं, हात जोडले आणि मराठीतच म्हटलं, आजोबा, पहिलं तुमचं, बाकीचं नेते, रागावू नका. दुसऱ्या दिवशी फळ तिथे नव्हतं. मला केवढं बरं वाटलं. देणं फिटलं असं वाटलं. मग मी सगळी फळं काढली. शेंड्यावरची तीन-चार हाताला येत नव्हती, तर स्टुलावर चढून, बांबूला बांबू बांधून, तीही काढली. शेवटचं काढताना फांदी वाकली आणि झटक्याने सुटली. झाड रिकामं झालं.

त्यानंतर पहाटेचा आवाज वाढला. राखाडी रंगाचे कर्कश पक्षी येऊन झाडावर बसायचे, इकडेतिकडे बघायचे, ओरडून जायचे. एक कावळा रोज यायचा आणि शेंड्यावर बसून राहायचा. तो माझ्याकडे बघतोय असं मला वाटायचं. मला पुन्हा आईचा तो दिवस आठवायला लागला. ह्यांना काही सांगितलं नाही. जेवणाला चव लागेना.

वर्षश्राद्ध देवळात झालं. रविवार होता म्हणून हे घरी होते. आजी तिथूनच काळ्या कपड्यांत आल्या, एकट्या. फाटकातून आत आल्या, खाली बघितलं. एक पान नव्हतं. शेवाळ मखमलीसारखं. पत्र्याच्या खोलीत बघितलं, सगळं खुंटीवर, पंजा दात वर करून. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. मला रडू येणार होतं. मग त्यांनी वर बघितलं.

वर बघतच झाडाभोवती एक फेरी मारली. मग ह्यांना काहीतरी विचारलं. ह्यांचा चेहरा पडला.

"एकही ठेवलं नाही का, विचारतायत."

मला वाटलं, त्यांना खायला हवी होती. मी आत धावले. वर्तमानपत्रावर पसरलेली फळं टोपलीत भरून बाहेर आणली आणि त्यांच्यापुढे धरली, सगळी, बघा, एकही आम्ही खाल्लं नाही. आजींनी मान हलवली. हळूहळू बोलायला लागल्या आणि हे एकेक वाक्य सांगत गेले. शेवटचं एक फळ शेंड्यावर ठेवायचं असतं. पाखरांसाठी, आणि झाडासाठी. त्याला तिकडे झाड राखणारा म्हणतात. तो राहिला, तर झाड पुढच्या वर्षी फळतं. आजोबा दर वर्षी कुठलं ठेवायचं ते स्वतः निवडायचे, कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ते गेले त्या दिवशीही निवडून झालं होतं. सगळी काढून, एक ठेवून, मग ते पानं गोळा करायला लागले होते.

मी टोपली खाली ठेवली. म्हणजे इच्छा पानांची राहिली नव्हती. ती वर टांगलेली होती, आणि मी ती बांबू बांधून काढली होती. राखणदारालाच खाली ओढला होता मी. तेही पहिलं फळ देऊन, हात जोडून.

"त्यांना सांगा," मी म्हटलं, "की आमच्याकडे पहिलं देतात. मी पहिलं दिलं होतं. शेवटचं द्यायचं असतं हे मला माहीत नव्हतं."

ह्यांनी सांगितलं. आजी माझ्याकडे वळल्या आणि विचारलं, कुठे. मी दगड दाखवला. कुंकवाचा डाग अजून होता, पावसाने फिकट झालेला. आजी गुडघ्यांवर बसल्या, काळ्या कपड्यांतच, आणि एका बोटाने त्या डागाला हात लावला. मग बोट बघितलं. 

मी टोपलीतलं एक फळ उचललं. बांबूने काढलेली फळं असतात, त्यांच्या देठाला फांदीचा आडवा तुकडा राहतो. त्याला दोऱ्याचा फास केला. स्टुलावर चढले, चिरेत काडी अडकवली आणि ज्या बांबूने काढलं त्याच बांबूने वर न्यायला लागले. उलटं काम फार अवघड असतं. पहिलं फळ निसटलं, थेट शेवाळावर, आजींच्या बुटाजवळ फुटलं. हे म्हणाले, "जाऊ दे गं, उतर." मी उतरले नाही. आजींनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं रडतायत. त्या हसत होत्या. टोपलीतलं दुसरं फळ त्यांनीच निवडलं, फिरवून फिरवून बघून, आणि मला दिलं.

ते राहिलं. दोरा फांदीच्या बेचक्यात अडकला. उघड्या झाडावर एकच केशरी ठिपका, थोडा तिरपा.

मी खाली उतरले, झाडासमोर उभी राहिले आणि आपल्याकडे म्हणतात तसं मोठ्याने म्हटलं, "आजोबा, झाड सांभाळीन." ह्यांनी हे भाषांतर करून सांगितलं नाही. आजींनी विचारलंही नाही. आम्ही तिघं वर बघत थांबलो. कावळा आला नाही. कुठलंच पाखरू आलं नाही. थंडी वाजायला लागली तसे आत जाऊन चहा घेतला.

जाताना आजी फाटकापाशी थांबल्या. मला जपानी येत नव्हतं, पण एक शब्द मी दोन महिने ऐकत आले होते. हे एजंटशी फोनवर बोलायचे तेव्हा दर वाक्यात तो यायचा आणि दर वेळी मी हातातलं काम थांबवून ऐकायचे. रायनेन. पुढचं वर्ष. आजींनी झाडाच्या शेंड्याकडे बोट केलं, मग माझ्याकडे.

"रायनेन," त्या म्हणाल्या, "तू निवड."

तेवढं मला ह्यांनी सांगायच्या आधीच कळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे खर्र… खर्र पुन्हा ऐकू आलं. मी उठले नाही, पडून ऐकत राहिले. उजाडल्यावर बाहेर गेले तर शेंड्यावरचं फळ एका बाजूने खाल्लेलं होतं, आतून पोकळ, साल तेवढी दोऱ्याला धरून. कुणी खाल्लं ते मी बघितलं नाही. पत्र्याची खोली उघडली. अर्धी पिशवी होती तिथेच होती, तोंड उघडं. काल आजींनी खोली बघितली तेव्हा तिच्याकडेही बघितलं होतं, आणि तशीच राहू दिली होती. मीही राहू दिली.

पंजा खुंटीवरून काढला. हात आपोआप वर, त्या खाचेपाशी गेला. या वेळी मी तो खाली घेतला नाही.